मजकूर वाचून दाखवला

मी चोर असल्याचं मला मंगळवारी दुपारी ईमेलनं कळवण्यात आलं. ईमेल अतिशय सभ्य होता. 'आदरणीय अ‍ॅड. मिसबा तांबोळी' अशी सुरुवात. भारतीय भाषांमधून कायद्यावर लिहिणाऱ्या तरुण वकिलांसाठीच्या आमच्या फेलोशिपला आपण पाठवलेला लेख परीक्षकांना आवडला, अंतिम सहा जणांत आपलं नाव होतं. मात्र हाच लेख दोन वर्षांपूर्वी एका वकील संघटनेच्या स्मरणिकेत अ‍ॅड. अभय निसळ यांच्या नावानं, जवळजवळ शब्दशः, छापून आल्याचं एका परीक्षकांच्या लक्षात आलं आहे. तरी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा करावा. खाली आणखी एक ओळ होती: आपल्या अर्जासोबतचं शिफारसपत्रही अ‍ॅड. अभय निसळ यांचंच आहे, याची समितीनं नोंद घेतली आहे.

नोंद घेतली आहे म्हणे! म्हणजे मी नुसती चोर नाही, तर ज्याच्या घरी चोरी केली त्याच्याकडूनच चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणणारी चोर.

खरी गोष्ट अशी की तो लेखही मीच लिहिलेला आणि ते शिफारसपत्रही मीच लिहिलेलं.

निसळ सर माझे सीनियर. शिवाजीनगर कोर्टासमोर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे, आणि तिथं मी तीन वर्षं ज्युनिअर आहे. ऑफिसचा रिवाज साधा: ज्युनिअरनं लिहायचं, सरांनी सही करायची. रोज सकाळी सव्वादहाला शंभूकाका, म्हणजे आमचे बावीस वर्षांपासूनचे क्लार्क, सह्यांचा गठ्ठा सरांपुढे ठेवतात. जिथं सही हवी तिथं पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते. सर फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरतात आणि पानं उलटत सह्या करतात. मजकूर वाचत नाहीत, पिवळी चिठ्ठी बघतात. माझं शिफारसपत्रही असंच एका गठ्ठ्यातून निघालं. त्यात मी स्वतःला 'अत्यंत अभ्यासू' म्हटलंय. लाज वाटली, पण दुसरं कोण म्हणणार होतं?

लेख मी पहिल्या वर्षी लिहिला, एका निबंधस्पर्धेसाठी. विद्यार्थी आणि पाच वर्षांच्या आतले वकील यांच्यासाठी अशा स्पर्धा पायलीच्या पन्नास निघतात. तोवर मी अकरा स्पर्धांत भाग घेतला होता आणि मला अकरा सहभाग प्रमाणपत्रं मिळाली होती. पहिली दोन अब्बांनी लॅमिनेट करून आणली. तिसऱ्यापासून ते म्हणाले, "असू दे, कपाटात ठेव."

पण बारावा निबंध मी प्रमाणपत्रासाठी लिहिला नव्हता. आमच्याकडे प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते: वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. त्याखाली सही किंवा अंगठा. मी दोन महिने कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांशेजारी स्टूल टाकून बसले आणि अंगठा लावून उठणाऱ्या त्रेचाळीस जणांना विचारलं, तुम्हाला खरंच कुणी वाचून दाखवलं का? हो म्हणणारे चार निघाले. बाकीच्यांत मांजरी गावच्या सुशीलाबाई होत्या. वडलांच्या जमिनीतला हिस्सा त्यांनी हक्कसोडपत्र करून भावांना देऊन टाकला होता, आणि हे त्यांना आठ महिन्यांनी कळलं. "भाऊ म्हनला वारसाचा कागद हाय, लाव अंगठा," त्या म्हणाल्या. "लावला. सख्खा भाऊ हाय, त्याला काय इचारायचं?"

हे सगळं मी लिहिलं. घरचा लॅपटॉप बंद पडला होता, म्हणून कोर्ट सुटल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून लिहिलं. स्पर्धेचं प्रमाणपत्र आलं, त्यावर निबंधाचं नावसुद्धा नव्हतं, आणि महिन्याभरात आयोजकांची वेबसाइटही गायब झाली.

मग एक दिवस सर म्हणाले, "मिसबा, बार असोसिएशनच्या स्मरणिकेला दोन-चार पानं द्यायचीत. तुझं ते अंगठ्याचं काहीतरी आहे ना? दे."

मी आनंदानं दिलं. दिवाळीत स्मरणिका आली. लेख होता, सुबक छापलेला, आणि वर काळ्या कोटातला सरांचा फोटो. मी माझं नाव शेवटच्या ओळीपर्यंत शोधलं, तळटीपेतही शोधलं. शंभूकाकांनी सगळ्यांना पेढे वाटले. एक मलाही दिला आणि मी तो खाल्ला. त्या पेढ्याचा राग मला अजून आहे. तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण दुसऱ्या दिवशी कोर्टात एका केसचा पुरावा होता, कारण या गल्लीत सगळ्याच ज्युनिअरांचं असं होतं, कारण मी भित्री आहे.

आता ही फेलोशिप म्हणजे वर्षभर फक्त हेच काम होतं. गावोगाव जाऊन, मराठीतून, माझ्या नावानं. त्यासाठी मी तोच लेख वाढवून पाठवला. माझाच होता, मग दुसऱ्या कुणाचा पाठवणार?

बुधवारी मी मूळ फाईल पाठवून दिली. उत्तर तासाभरात आलं. फाईलच्या माहितीत लेखक म्हणून 'निसळ असोसिएट्स' दिसतंय. लेख कुणाचा याचा निवाडा समिती करू शकत नाही. मात्र ज्यांच्या नावानं तो छापला गेला त्यांनी तो आपला नसल्याचं लेखी दिलं, तर विषय संपेल. मुदत अर्थातच तीच, शुक्रवारी पाचपर्यंत.

घरी सांगितलं. आमचे अब्बा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेत. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बा चिडले की मराठीवर येतात, कारण तीस वर्षं सुपरवायझरांशी ते मराठीतच भांडले.

"विचार की तुझ्या सरांना," ते म्हणाले, "त्या लेखातली बाई कुठल्या गावची? सांगता आलं तर लेख त्यांचा."

"अब्बा, असं विचारतात का सीनियरला?"

"मग राहा अशीच गप्प. चांगलं जमतंय तुला."

गुरुवारी कोर्ट सुटल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर वाईट माणूस नाहीत, हीच तर अडचण आहे. अम्मी दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी पंधरा दिवस माझ्या सगळ्या तारखा स्वतः सांभाळल्या. ईदला हक्कानं डबा मागून शिरखुर्मा खातात. वाईट असते तर मी दोन वर्षांपूर्वीच भांडून मोकळी झाले असते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "एवढंच ना? घाबरतेस काय? टाइप कर, सही करतो." खुर्चीत मागे रेलून त्यांनी सांगायला सुरुवात केली. "सदर लेख माझ्या मार्गदर्शनाखाली तयार झाला असून, त्यातील मजकूर वापरण्यास मी माझ्या ज्युनिअरला परवानगी दिलेली आहे."

"सर, परवानगी चालणार नाही. लेख स्वतःचाच हवा, असा नियम आहे त्यांचा. आणि तो मीच लिहिलाय."

"मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग तेवढंच लिहू या ना, सर."

"आणि बारमध्ये काय सांगू? चारशे प्रती वाटल्यात." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, आमच्या सीनियरचं अख्खं पुस्तक आम्ही तिघांनी लिहिलं. प्रस्तावनेत आभारसुद्धा नाहीत. काही बिघडलं का आमचं?"

बिघडलं की! जे बिघडलं ते माझ्यासमोर बसून मला मजकूर सांगत होतं. पण हे मी मनात म्हटलं. तोंडानं "बरं, सर" म्हटलं आणि बाहेर येऊन बाटलीभर पाणी प्यायले. एवढी वर्षं कायदा शिकून मला नीट बोलता येतं ते फक्त 'बरं, सर'.

शुक्रवारी सकाळी खडकीहून मेट्रोनं येताना मी ठरवून टाकलं. ऑफिसात आल्या आल्या चार ओळी टाइप केल्या.

'मी, अ‍ॅड. अभय निसळ, लिहून देतो की माझ्या नावाने स्मरणिकेत छापलेला "वाचून दाखवला, समजला" हा लेख मी लिहिलेला नाही. तो अ‍ॅड. मिसबा तांबोळी यांनी लिहिला आहे. त्यात माझे एकही वाक्य नाही.'

प्रिंट काढली आणि गठ्ठ्यात तिसरी घातली. शंभूकाकांनी न बघता तिला पिवळी चिठ्ठी लावली. तेही वाचत नाहीत, कशाला वाचतील?

सव्वादहाला सर आले. फोन खांद्यावर, पेन हातात. पहिला कागद वकालतनामा, सही. दुसरा मुदतीचा अर्ज, सही. पान उलटलं. मला फक्त आणखी दोन सेकंद गप्प बसायचं होतं, आणि त्यात माझा तीन वर्षांचा अनुभव होता.

नेमक्या त्याच वेळी सुशीलाबाई आठवल्या. लाव अंगठा, म्हणणारा त्यांचा तो भाऊ. आज त्याच्या जागी कागद घेऊन मी उभी होते. चडफडले मी. म्हटलं, बाई, आत्ताच आठवायचं होतं का?

"सर, तेवढा कागद वाचून सही करा."

त्यांनी फोन जरा बाजूला केला. "काय गं?"

"तो तिसरा कागद. वाचून सही करा."

"ड्राफ्ट तूच केलायस ना? मग झालं तर." त्यांनी सहीसुद्धा केली, फर्रकन. "तुझं लिहिलेलं मी आजवर कधी वाचलंय का?"

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. माझ्यावर इतका विश्वास आहे, असं.

"स्मरणिकेतला लेखही नाही वाचला, सर?"

"कुठला?" आणि मग आठवून, "अगं, तो नुसता छापायला द्यायचा होता."

दोन वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते की तुम्ही माझा लेख चोरलात. चोरायला निदान वस्तू आवडावी लागते. यांनी ती उघडूनही बघितली नव्हती. सुशीलाबाई, ते चार जण, स्टुलावर बसून काढलेले दोन महिने, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. चोरीचं मला इतकं लागलं नव्हतं, जितकं हे लागलं. डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला.

सही झालेला कागद समोर होता. उचलायचा, 'थँक यू, सर' म्हणायचं आणि निघायचं, एवढंच काम उरलं होतं.

"मग मीच वाचून दाखवते," मी म्हटलं. आणि कागद उचलून कोर्टात वाचतात तसा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचला. 'त्यात माझे एकही वाक्य नाही' इथपर्यंत. बाहेरच्या बाकावरचे दोन पक्षकार आत डोकावून बघायला लागले.

सर फोनमध्ये म्हणाले, "नंतर करतो." मग हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांना वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"अशी सही घेणार होतीस माझी?" ते हळू आवाजात म्हणाले.

"तशीच घ्यायची असती तर आत्ता तुमच्यासमोर उभी नसते, सर."

त्यांनी पेन उचललं. स्वतःच्या सहीवर दोन रेघा मारल्या, सरळ, पट्टी लावल्यासारख्या. खाडाखोड केली की शेजारी छोटी सही आणि तारीख टाकायची असते, तीही टाकली. सवयीचा हात. "दुसरा करून आण. काल सांगितलं तसा," असं म्हणून कागद माझ्याकडे सरकवला आणि पुढचं पान उलटलं.

मी माझ्या टेबलापाशी आले. मूर्ख, मूर्ख, मूर्ख. पाच वाजायला साडेसहा तास होते आणि माझ्या हातात एक रद्द झालेला कागद होता. पंधरा मिनिटं मी त्याच्याकडे नुसती बघत बसले. मग लक्षात आलं की रेघा फक्त सहीवर आहेत. मजकूर आहे तसाच आहे. त्यातला एकही शब्द खोटा म्हणून खोडलेला नाही.

पेन घेतलं आणि खाली हातानं लिहिलं: 'वरील मजकूर अ‍ॅड. अभय निसळ यांना मी वाचून दाखवला. नंतर त्यांनी तो स्वतः वाचला. समजला.' त्या ओळीत पुढे 'मान्य आहे' असतं. ते मी लिहिलं नाही. खाली माझी पूर्ण सही केली, फोटो काढला आणि समितीला पाठवून दिला. सोबत खुलासा म्हणून एकच वाक्य लिहिलं: माझ्याकडे एवढाच पुरावा आहे.

शंभूकाका गठ्ठा घेऊन बाहेर आले. टेबलावरचा कागद त्यांनी पाहिला आणि या खेपेला उभ्या उभ्या सगळा वाचला.

"मॅडम, हा तर रद्द झालाय," ते म्हणाले. "फाडू, का फाईलला लावू?"

"फाईलला लावा."

"कुठल्या?"

"माझ्या नावाची उघडा एक."

त्यांनी एकदा सरांच्या दाराकडे बघितलं. मग कपाटातून कोरी फाईल काढली, माझ्यापुढे ठेवली आणि नाव घालायला पेन माझ्याच हातात दिलं.