कडीच्या डब्यातलं दूध

आचलने शपथ घेतली होती, आणि तीही पोटच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. घ्यायला लावली सासूबाईंनी.

"नाच बापा, मी काऊन अडवू? पण तुह्या नाचापायी एक दिवस जरी लेकरू उपाशी राह्यलं, तं घुंगरू माळ्यावर जातीन. मंग मले बोलाचं नाई."

पाच महिन्यांच्या वेदश्रीची मऊ टाळू आचलच्या तळव्याखाली धडधडत होती. ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

कोकिळाबाई बोलायला फटकळ, पण शब्दाला पक्क्या. समुद्रपूरच्या शारदा मंडळाच्या कार्यक्रमाला येऊन नात सांभाळीन म्हणाल्या, आणि वर्ध्याहून खरोखरच आल्या, दुपट्यांची ही एवढी पिशवी घेऊन. देवेंद्रला, म्हणजे आचलच्या नवऱ्याला, ऑफिसातून सुटी मिळाली नाही. मिळाली असती तरी तो कोणत्या कामाचा होता, असं त्याच्या आईचं स्वच्छ मत होतं.

बाळंतपणानंतर आचल पहिल्यांदाच कथक करायला उभी राहणार होती. वीस मिनिटं, एकटी. विषय यशोदेचा. लोणी चोरणाऱ्या पोरावर डोळे वटारायचे, त्याला पकडायला धावायचं आणि शेवटी मांडीवर घेऊन पाजायचं. "यंदा तुला हे शिकवायची गरज नाही," असं तिच्या गुरू माणिकताई कौतुकाने म्हणाल्या, तेव्हा आचलने नजर चुकवली होती. कारण ही यशोदा रोज संध्याकाळी घुंगरू ओढणीत गुंडाळून, आवाज होऊ न देता, झोपलेल्या लेकीला चुकवून रियाजाला निघत होती. चोरीच ती. लोण्याची नव्हती, एवढंच.

कार्यक्रम मंडपात होता आणि कपडे बदलायला शेजारच्या शाळेतला दुसरीचा वर्ग दिला होता. आचलने साडेपाचला लेकीला पोटभर पाजलं आणि मग पोशाख चढवला. चोळी आता अंगाला पुरत नव्हती. शाळेच्या चौकीदाराची सून काजल मदतीला आली. तिने पाठीवर दोन्ही कडा ओढून अकरा पिना लावल्या. तिचं स्वतःचं चार महिन्यांचं पोर बाहेर व्हरांड्यात खांबाला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं.

"आता ह्या पिना नाचून झाल्याशिवाय नाई निंघत, ताई," काजल म्हणाली.

म्हणजे तोवर पाजणं नाही. त्याची तजवीज आचलने निघतानाच केली होती. अंगावरचं दूध काढून स्टीलच्या कडीच्या डब्यात आणलं होतं. बाटली कोकिळाबाईंना मान्य नव्हती, त्या वाटीचमच्याने पाजत. भूक लागेल तेव्हा एवढं दूध पुरणार होतं. सगळं कसं नीट ठरलेलं.

सहाचा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे उगवले पावणेसातला, आणि आल्यासारखे बोललेही भरपूर. आचल बाकावर अवघडून बसली होती. मंडळाच्या चहाची व्यवस्था पाहणारे वासुदेवराव चहाचा ट्रे घेऊन आले. घशाला कोरड पडली होती, म्हणून तिने एक कप घेतला. चहा जरा पातळ लागला, गोडही लागला. पण तिने सगळा संपवला आणि बरं वाटलं. वेदश्री कोपऱ्यात दुपट्यावर गाढ झोपली होती. आचल तिच्या अंगावरून हात फिरवून उठली.

पहिली काही मिनिटं पाय जड होते. मग माणिकताईंचे बोल आणि तबला असा काही जमला की अंग आपोआप वळायला लागलं. वर्षभरात हे सुख तिला मिळालं नव्हतं. लोण्याचं मडकं फुटलं, पोर पळालं, यशोदा मागे धावली, आणि तेवढ्यात शाळेच्या बाजूने रडणं ऐकू आलं.

ते आपल्या लेकीचंच होतं. शंकेला जागाच नव्हती. छाती भरून आली आणि दुधाने चोळी ओली झाली. तिने ओढणी पुढे घेतली. नुसता हात वर केला असता तर माणिकताईंनी तबला थांबवला असता. लेकुरवाळ्या बाईला कोणी नावं ठेवली नसती. आचलला हे सगळं कळत होतं, आणि तिने हात वर केला नाही. सासूबाई आहेत, डबा आहे, असं तिने मनाला सांगितलं आणि मनाने ते निमूट ऐकून घेतलं.

त्याहून वाईट म्हणजे ती फार सुंदर नाचली. रिकामे हात मांडीवर घेऊन तिने नसलेल्या पोराला पाजलं, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसायला लागल्या. मधेच ते रडणं एकदम थांबलं. ते थांबल्यावर तिला जास्त भीती वाटली. तरी शेवटचा तुकडा तिने एकही पाय न चुकवता समेवर आणला.

टाळ्या संपेपर्यंत ती थांबली नाही. शाळेच्या फरशीवर घुंगरू छणछणत ती वर्गापर्यंत धावली. दारालगत काजल भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर वेदश्री झोपली होती, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब.

काजल घाबरून म्हणाली, "ताई, रागावू नका. लय रडून राह्यली होती. डबा पाह्यला तं रिकामा. मंग मीच घेतलं तिले पदराखाली."

"रिकामा कसा?"

उत्तर वासुदेवरावांनी दिलं. ते कपबशा गोळा करत होते. "तो कडीचा डबा? त्यातलं दूध चहात टाकलं ना मी. कमी पडून राह्यलं होतं. बाया घरून आणून देतेतच." आचलची नजर झोपलेल्या लेकीवर गेली, काजलने मान खाली घातली, तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते ट्रे तिथेच टाकून मंडपाकडे जे गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. प्रमुख पाहुण्यांनी तर दुसरा कप मागून घेतला होता.

आचलला हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं. तो गोड, पातळ चहा तिच्या जिभेवर परत आला. लेकीच्या तोंडचं दूध तिने स्वतः पिऊन टाकलं होतं आणि वर तिला बरंही वाटलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात झोळीतलं पोर उठलं. काजलने वेदश्रीला बाकावर निजवलं आणि आपल्या पोराला छातीशी धरलं. ते दोनचार वेळा चोखून तोंड सोडून किंचाळायला लागलं. "आता नाई राह्यलं त्यात," काजल ओशाळून म्हणाली. "तुमच्या पोरीनं सारं ओढलं. घरी जाऊन पाहतो काही."

आचलची छाती ठणकत होती, आणि ज्या लेकीसाठी ते दूध आलं होतं ती दुसरीच्या दुधाने तृप्त होऊन झोपली होती. आचल भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसली.

"आण त्याले इकडं," ती म्हणाली. "आई, पिना काढा."

कोकिळाबाई मागे येऊन उभ्या राहिल्याची तिला नुसती चाहूल लागली होती. त्यांनी एकेक पिन काढली. काजलने पोर दिलं. परकं अंग, परका वास, पण पोराने क्षणभरही विचार केला नाही. तिच्या पायाला हिसका बसला की घुंगरू वाजत आणि ते दचके, म्हणून ती पाय घट्ट दाबून बसली. ते पोर घटाघट प्यायला लागलं आणि आचलच्या डोळ्यांतलं पाणी काजळासकट गालांवर आलं.

"आई, घुंगरू ठेवून द्या माळ्यावर," ती म्हणाली. "डब्याची चूक सोडा. मले तिचं रडणं ऐकू आलं होतं. मी थांबली नाई."



"डबा मीच देल्ला त्याले," कोकिळाबाई म्हणाल्या. "दूध कोमट करून ठेवा म्हटलं. कोणाचं हाय, ते नाई सांगितलं. परक्या माणसाले कसं सांगू? लाज वाटली मले."

आचलने मान वळवली. सासूबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. हातातल्या अकरा पिना एकीत एक अडकवत होत्या.

"आन पोरीचं रडणं मलेबी ऐकू आलं होतं. काजलपाशी सोडून पडद्यामागं येऊन उभी होती मी. तू तवा त्या पोराले मांडीवर घेऊन राह्यली होती. म्हटलं, एवढं पाहून घेऊ, मंग जाऊ." त्यांनी शेवटची पिन अडकवली. "माळ्यावर ठेव म्हणायले आता मले कोन्तं तोंड हाय?"

मग गुडघ्यावर हात ठेवत त्या खाली बसल्या आणि पोर दचकू नये म्हणून एका हाताने घुंगरू दाबून धरत दुसऱ्या हाताने गाठ सोडू लागल्या.