पिवळी बाराबंदी

"एन्री, हा बनियन कधी घेतला?"

एन्री म्हणजे अहो; आमच्या घरी हाक कानडीतच. चंद्रिका माझ्या छातीकडे असं बघत होती की मला वाटलं, चहा सांडला की काय. सकाळीच डॉक्टरांनी तिच्या उजव्या डोळ्याची पट्टी काढली होती. घरी आल्या आल्या काळा चष्मा कपाळावर चढवून बाईसाहेबांची तपासणी सुरू झाली होती.

"जुनाच आहे की. तूच धुतेस रोज."

"इतका पांढरा?"

तिनं उजव्या डोळ्यापुढे तळहात धरला. "आता पिवळा." हात डावीकडे नेला. "आता पांढरा. अगं बाई!" मग भिंत झाली, तांदळाचा डबा झाला, देवघरातला विभूतीचा गोळा झाला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. तोवर एक डोळा नवा, एक जुना. ती घरभर फिरत होती आणि मी मागून हसत होतो. मग ती मागच्या खोलीकडे वळली, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या खोलीत तिच्या काचा होत्या.

"आधी जेवून घेऊ," मी म्हणालो. "डोळ्यात कचरा जाईल."

"माझ्या खोलीत कचरा नसतो. तुमच्या कपाटात असतो."

सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात काच शिरली ती लग्नानंतर लगेचच. मी तेव्हा चादरीच्या कारखान्यात डिझायनर होतो. डिझायनर म्हणजे काय, तर चौकटीच्या कागदावर चौकोन भरून मोर नि कमळं काढायची, जी पुढे मागावर उतरायची. एकदा गल्लीतल्या पोरांचा चेंडू आमच्या दारावरच्या रंगीत काचेवर बसला. काचवाला म्हणाला, असली काच आता मिळत नाही, साधी बसवा. मी म्हणालो, बसव बाबा. चंद्रिका म्हणाली, बेडा. नको म्हणजे नको. मला पाठवून तिनं काच कापायची हिरकणी आणवली, जुन्या बाजारातून मोडक्या तसबिरींच्या काचा आणल्या, आणि बोटं कापून घेत घेत स्वतः बसवली. वाकडी झाली होती. पण उन्हं आली की आमच्या फरशीवर एक लाल ठिपका पडायचा आणि ती पोळ्या लाटायचं सोडून तो बघत बसायची.

मग काय, सुटलीच. जुनी गिरणी पाडायला काढली तेव्हा तिथल्या खिडक्यांच्या रेघारेघांच्या काचा तिनं हातगाडीवर घालून आणल्या. मी लाजेनं दहा पावलं मागून चालत होतो. तुकड्यांच्या कडांना तांब्याची पट्टी, सांध्यावर कथलाचा डाग. आमच्या घरी आमटीच्या फोडणीत कथलाचा वास मिसळलेला असायचा. घरात चप्पल घालून वावरायचं, नाहीतर पायात काच ठरलेली. पाहुणे नावं ठेवायचे. पण हळूहळू त्याच पाहुण्यांच्या देवघराच्या दारांवर तिचे मोर बसले. मोर खरं तर माझे, चादरीवरचे. पण आमच्यात तह झालेला होता: आकार माझा, रंग तिचा. रंगात मी तोंड घातलं की ती एकच शब्द बोलायची. "साकु." म्हणजे पुरे.

कसले दिवस होते ते! माझा कारखाना बंद पडला, हात रिकामे झाले, तेव्हा तिच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मी कागद कापून द्यायला लागलो. रेडिओ चालू, हिरकणी काचेवरून किर्र करत जायची, तुकडा टक्कन सुटायचा. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

गेल्या वर्षी शरणम्मावहिनींचं काम आलं. भवानी पेठेतला सिद्धलिंगप्पा माझा बालमित्र. सिद्धेश्वराच्या जत्रेत तो नंदीध्वजाची उंच मानाची काठी पेलायचा. तो वर गेला, आणि वहिनी त्याचा जुना फोटो घेऊन आल्या. म्हणाल्या, खिडकीत हे असे उभे पाहिजेत. चंद्रिकानं हिवाळाभर जीव ओतला. डोक्याचा फेटा लालभडक, मागे निळं आभाळ, हातात उंच काठी. सगळं बेस. फक्त अंगातला बारा बंदांचा सदरा, म्हणजे बाराबंदी, पिवळी.

मी बघितलं आणि बोलून गेलो, "अगं, ही पिवळी झाली की!"

"दुधी काच आहे ती."

"दुधी कुठली? पिवळी आहे."

"साकु. चादरीचे रंग चादरीत ठेवा."

सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, नंदीध्वजाची बाराबंदी पांढरीच. मी दोन दिवस भांडलो. तिनं माझ्याशी अबोला धरला आणि मी हरलो. खिडकी बसवली तेव्हा वहिनी बराच वेळ बघत राहिल्या, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "लई चांगलं केलंस गं." परत येताना रिक्षात चंद्रिकाची मान ताठ. "बघितलं? शरणम्माअक्कांना दिसतं पांढरं. तुम्हालाच दिसत नाही." मग तिला सुईत दोरा ओवता येईना, जिन्याची पायरी दिसेना. मुलगी दानेश्वरी पुण्याहून आली आणि धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला.

आता ती मागच्या खोलीत काचा टेकवायच्या लाकडी घोडीसमोर उभी होती. दुध्या काचांच्या कप्प्यातून तिनं एक उरलेला तुकडा काढला आणि खिडकीकडे धरला. लोण्यापेक्षा पिवळा, वरणापेक्षा फिका.

"एन्री, ही कुठली काच?"

"दुधी," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका."

ती स्टुलावर बसली. मी म्हणालो, एवढं काय त्यात, हॉलमधली खिडकी, बघतंय कोण.

"चार माणसं येतात की त्यांच्याकडे. मेलेल्या माणसाची बाराबंदी मी पिवळी केली, एन्री. आणि अक्का काही बोलल्या नाहीत. कीव केली माझी." तिनं तो तुकडा कप्प्यात परत ढकलला. "ती खिडकी उतरवून आणायची, नीट करायची. नाही जमलं तर ह्या सगळ्या काचा भंगारात घाला. मी परत हिरकणी धरणार नाही."

मला ते फार लागलं. तिनं हिरकणी खाली ठेवली तर त्या टेबलाशी मी तरी कोणासमोर बसणार होतो?

आठवडाभर मी धूळ, ऊन, डॉक्टर अशी सगळी कारणं काढली. शेवटी ती एकटीच निघाली, तेव्हा मुकाट्यानं चप्पल घातली. पिशवीत तिनं खरीखुरी दुधी काच कागदात गुंडाळून घेतली होती.

"बा चंद्री, कूडू," वहिनींनी दारातच हात धरला. "ये, बस. डोळा कसा हाय?"

चंद्रिका बसली नाही. काळा चष्मा काढून ती खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. मागून दुपारचं ऊन होतं आणि सिद्धलिंगप्पा झगझगीत पिवळा उभा होता.

"अक्का, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"बाराबंदी पिवळी आहे."

"व्हय. पिवळीच हाय की."

"पांढरी असते ना!"

"मला शिकवतीस व्हय? नीळ घालून घालून मीच धुतलीय ती." वहिनी वळल्या. "थांब जरा."

आत पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर घडी केलेली बाराबंदी होती. सुती कापड ठेवून ठेवून पिवळं पडलं होतं, अगदी त्या काचेसारखं. बंद सुतळीसारखे कडक झाले होते.

"गुडघं गेल्यावर ह्यांनी नंदीध्वज धरला न्हाय," वहिनी म्हणाल्या. "पन जत्रा आली की ही घालायचे आनि हितं पलंगावर बसून टीव्हीवर मिरवणूक बगायचे. संपली की काडून माज्याकडं द्यायचे. धुऊ द्यायचे न्हाईत. म्हनायचे, घाम कुटं आलाय, धुतीस कशाला? अशी झाली बग. तुजी खिडकी बगितली आनि मला वाटलं, ह्यांनी तुला दाकवली आसंल. म्हनलं, बाईनं किती ध्यानात ठेवलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी तोंड उघडलंही, "तेच तर वहिनी, ती म्हणतच होती—"

"नाही अक्का," चंद्रिका म्हणाली. "मला काही माहीत नव्हतं. डोळ्यात मोतीबिंदू होता. मला ती पांढरीच दिसत होती." तिनं पिशवीतून दुधी काच काढून पुढे केली. "ही घालायची होती. माझं चुकलं. उतरवून द्या, मी नीट करून आणते."

वहिनींनी ती काच उजेडाकडे धरली, उलटसुलट बघितली आणि परत चंद्रिकाच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे. हीच ऱ्हाऊ दे."

"चूक आहे हो ती."

"आसू दे की. पांढरी घातली की ते समद्या गावाचे व्हायचे. फोटो बी तसलेच हायत समदे." वहिनींनी बाराबंदी पोटाशी धरली. "ही घालून बसलेलं त्यास्नी म्या एकटीनं बगितलंय."

मग चंद्रिका पुढे झाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खिडकीवरची धूळ पुसायला लागली. आधी फेटा, मग आभाळ, आणि सगळ्यात शेवटी, सावकाश, एकेक करून ते पिवळे तुकडे. पुसताना ती रडत होती. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, पण मी आठवण करून दिली नाही.

निघताना रिक्षात बसल्यावर तिनं दुधी काच कागदात गुंडाळून माझ्याकडे दिली.

"नीट धरा," ती म्हणाली. "पुढच्या कामाला लागेल ती."

रिक्षा खड्ड्यांतून चालली होती. मी काच मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरून बसलो.