सगळ्या सर्व्हरवर एकदम

"अगं, दाब की. किती वेळ बघत बसणार?" कुंदन सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

साधनाचं बोट एंटरवर नुसतं टेकलं होतं. २००८ सालची ही गोष्ट. जिल्ह्यातल्या कुठल्या रक्तपेढीत कोणत्या गटाची पिशवी शिल्लक आहे, ते दाखवणारी वेबसाइट तिची कंपनी सांभाळायची. साइट फार हळू झाली होती आणि कुठे अडतंय ते कुणालाच कळत नव्हतं. म्हणून सर्व्हरांवर प्रोफायलर बसवायचा ठरला. पान उघडताना कोणत्या कामात किती वेळ जातो, ते मोजणारा हा प्रोग्राम. हाताने एकेका सर्व्हरवर टाकायचा तर आठवडा गेला असता, म्हणून साधनाने स्क्रिप्ट लिहिली होती. प्रोग्राम टाकायचा, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा आणि पुढच्याकडे वळायचं, हे सगळं ती स्क्रिप्ट आपोआप करणार होती.

"सर, एकेक करू या का? एक झाला की बघू, मग पुढचा."

"मग स्क्रिप्ट कशाला लिहिली? ऑफिसातल्या मशीनवर चाललं ना?"

"चाललं."

"मग?"

तिने स्क्रिप्ट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. ती भित्री म्हणूनच प्रसिद्ध होती. घराचं कुलूप ओढून पाहायला ती गेटपासून परत जायची. 'साधना मॅडम लिफ्टमध्ये चढतानाही बॅकअप घेतात,' असं ऑफिसात म्हणायचे. तीही हसायची.

तिने एंटर दाबलं.

पहिला सर्व्हर झाला, दुसराही झाला. तिसरा बंद झाला तो पुन्हा चालूच होईना. पण स्क्रिप्ट थांबली नाही. अडलं तर थांब, असं साधनाने तिला सांगितलंच नव्हतं. पुढची सगळी मशीन्स त्या तिसऱ्यासारखीच जुन्या बनावटीची होती. साधनाने घाईघाईने स्क्रिप्ट बंद करेपर्यंत एकेक करून सगळी आडवी झाली. चालू राहिलेल्या दोघांवर सगळा भार आला आणि तीही बसली.

टेबलावरचा फोन वाजला. एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीतला मोतीराम बोलत होता. साइट कशी वापरायची ते त्याला साधनानेच शिकवलं होतं.

"म्याडम, पडदा पांढरा झालाय. बी निगेटिव्ह बघायचंय. बाळंतीण बाई हाय, लय रक्त चाललंय. नवरा इथं समोरच उभा हाय, पेठ गावाकडचा."

साधनाने रिसीव्हर खांद्याने कानाशी धरला.

"मोतीराम, साइटची वाट बघू नका. सगळ्या रक्तपेढ्यांना फोन लावत सुटा. आत्ता, लगेच."

मग ती एकेका सर्व्हरमध्ये शिरून टाकलेलं हाताने काढू लागली. साधा पासवर्डही पुन्हा पुन्हा लिहावा लागत होता. कुंदन सरांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तो तसाच राहिला. पेठकडचा तो माणूस तिने कधी पाहिला नव्हता, पण तो आपल्याच टेबलासमोर उभा आहे असं तिला वाटत राहिलं.

साइट चालू झाली तेवढ्यात मोतीरामचा फोन आला.

"पिशवी मिळाली, म्याडम. फोनवरच."

तिने समोरचं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

नंतरचे दोन दिवस ऑफिसात फोन वाजला की ती दुसऱ्या कुणालातरी उचलायला सांगायची. शेवटी तिनेच मोतीरामला फोन लावला.

"ती बाई कशी आहे?"

"बाई हाय. बरी हाय." मोतीराम म्हणाला. "बाळ नाय राह्यलं. पन ते आधीच पोटात गेल्तं, म्याडम. डाक्टर म्हनले तसं. तुमचा काय संबंध नाय त्यात."

साधनाने मान हलवली. फोनवर ती दिसत नाही, हेही तिच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टर खोटं बोलणार नाहीत, हे तिला पटत होतं. पण मोतीराम मनाने फार चांगला होता, तिला बरं वाटावं म्हणून डॉक्टरांच्या नावावर तो खोटंही बोलला असता, आणि तिला भीती वाटत होती ती त्या चांगुलपणाचीच.

पुढच्या आठवड्यात कुंदन सर म्हणाले, "साइट अजून हळूच चालतेय. तो प्रोफायलर परत टाकावा लागेल." या वेळी ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले नाहीत.

साधनाने स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आता ती एका वेळी एकच सर्व्हर घेणार होती. तो उठला नाही तर टाकलेलं काढून तिथेच थांबणार होती. सगळं तयार झाल्यावर तिने रिसीव्हर उचलला.

"मोतीराम, आत्ता कुणी थांबलंय का तुमच्याकडे?"

"एक म्हातारी बसलीय बाकावर. सुनेसाठी बघायचंय."

"तिचं होऊ द्या आधी. मी थांबते."

"बरं. मंग सांगतो."

"नको, फोन ठेवू नका."

पलीकडे मोतीराम एकेक अक्षर शोधून बटणं दाबू लागला. म्हातारी काहीतरी विचारत होती आणि तो तिला हळू आवाजात समजावत होता. कुंदन सर दारापर्यंत आले. त्यांनी साधनाकडे पाहिलं आणि ते परत गेले.

साधनाने कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि रिसीव्हर कानाला लावून ती ऐकत राहिली.