आधी इंजिन, मग पाणी

थोरल्या जावयाने पाइपाचं तोंड बोटीच्या मागच्या नळीत दाबलं, पाव फेरा फिरवलं, ‘टक्’ असा आवाज आल्यावर एकदा ओढून पाहिलं आणि म्हणाला,

"लागला."

हे तो एकोणीस वर्षं म्हणत आला होता. एकोणीस वर्षं वरून उत्तर यायचं, "हं." आज वरून उत्तर आलं,

"ओके, साडूभाऊ!"

वर, म्हणजे अंगणात ट्रॉलीवर चढवून ठेवलेल्या जेट बोटीत, चालकाच्या गादीवर धाकटा जावई बसला होता. तो विमा कंपनीत होता आणि रविवारी पांढरे बूट घालत असे. शिडी चढताना त्याने ते बूट काढून हातात घ्यावेत, असं थोरल्याला वाटलं होतं. धाकट्याने ते काढले नव्हते आणि सासरे काही बोलले नव्हते. थोरल्याने एकदा चपला घालून त्या गादीवर पाय ठेवला होता, तेव्हा सासरे जे बोलले ते शेजारच्यांना अजून पाठ होतं.

धाकट्याच्या हातात किल्ली होती. किल्लीला लिंबाएवढा बुचाचा गोळा बांधलेला होता, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. तो गोळा आजवर सासऱ्यांच्या मुठीत असायचा. घामाने काळा पडला होता.

सासरे आज खाली होते. महिन्यापूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी शिडी बंद केली. खुर्ची आणू का, असं थोरल्याने विचारलं होतं. "मी काय लग्नाला आलोय?" असं म्हणून ते काठी टेकून अंगणाच्या मध्यावरच उभे राहिले होते.

जलाशयाचं पाणी उतरलं की सहलीची माणसं येत नाहीत आणि बोट चार महिने अंगणात येते. यंदाचा हा पहिलाच रविवार होता. तिला बाहेर पंखा नाही. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, एवढंच तिला येतं. पण पडून राहिली तर इंजिन आतून जाम होतं. म्हणून दर रविवारी ती कोरड्या जमिनीवर सुरू करायची, नळाचं पाणी तिच्या इंजिनात फिरवायचं, आणि दोन मिनिटांत बंद करायची. दोन मिनिटांवर गेलं तर खालचं रबरी सील तापून जातं.

या कामाचा एकच नियम होता आणि तो सासऱ्यांनी पत्र्याच्या शेडवर रंगाने लिहून ठेवला होता : आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते मागच्या वाटेने थेट सिलिंडरात शिरतं. मग किल्ली फिरवली की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि आतला दांडा वाकतो. दांडा वाकला की हंगाम गेला. म्हणून या कामाला दोन माणसं लागतात, एक किल्लीवर, एक नळावर, आणि मध्ये एकच शब्द : "पाणी!"

किल्ली सासऱ्यांची, नळ थोरल्याचा. असं एकोणीस वर्षं चाललं होतं. किल्ली एक दिवस खाली येईल आणि आपल्या हातात पडेल, असं थोरल्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची गरज असेल, हेच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मागच्या रविवारी जेवताना सासऱ्यांनी ती खिशातून काढली आणि ताटावरून पलीकडे सरकवली.

"जावईबापू, तुम्ही बसा वर. किल्ली काय, कोणीही फिरवेल."

त्या ‘कोणीही’मध्ये थोरला बसत नव्हता, एवढं त्याला कळलं. पुढचं त्याने ऐकलं नाही. सासरे बहुधा नळाबद्दल काही म्हणत होते.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगण्यासारखी नव्हती. लग्न झालं तेव्हा, नळापाशी उभा राहायला लागला तरी, थोरलाही जावईबापू होता. ‘अहो, बसा’, ‘अहो, घ्या ना’. चार वर्षांनी त्याने पाना हातात घेतला, आणि पहिल्याच दिवशी बोटीखालून आवाज आला, "अरे, तेरा नंबर दे!" त्याने दिला. त्या दिवसापासून तो ‘अरे’ झाला तो झालाच. धाकट्याला तेरा नंबर आणि बूट यांतला फरक कळत नव्हता, म्हणून तो सात वर्षांनंतरही ‘अहो’ होता.

सकाळी बायको म्हणाली होती,

"किल्ली म्हणजे काय सिंहासन आहे का?"

"सिंहासन नाही. पण तिथे गादी आहे."

"मग आपल्या घरातली घेऊन जा एक. नळापाशी टाका."

बायको त्याच घरातली थोरली मुलगी होती. बोलणं तिला वडिलांकडून आलं होतं.

"एक मिनिट हं," धाकटा वरून म्हणाला. त्याने बोटीचं माहितीपत्रक कुठूनतरी मिळवून छापून आणलं होतं, वर प्लास्टिकचं कव्हर घालून. तो पान उलटत होता. "इथे लिहिलंय की आधी सेफ्टीची दोरी लावायची."

"लावा, लावा. सावकाश," सासरे म्हणाले. आणि मग, कोणाला उद्देशून नाही असं, "छापून आणलंय. बघा."

थोरला नळापाशी उभा होता. मागच्या वर्षी याच बोटीच्या खालच्या जाळीतून त्याने उंदराचं घरटं काढलं होतं, पिल्लांसकट, दोन बोटांनी. दर हंगामाला प्लग काढून आत तेलाची फवारणी तो करायचा. इंजिनाच्या आवाजावरून त्याला कळायचं की कोणता सिलिंडर रुसलाय. यातलं काही छापलेलं नव्हतं.

"दोरी लावली," धाकटा म्हणाला. "आता किल्ली उजवीकडे ना?"

"उजवीकडे, जावईबापू. घाई नाही."

थोरल्याचा हात नळावर होता. तो नेहमीच असायचा. नळ पितळी, वरचा दांडा गुळगुळीत झालेला. इंजिनातला दांडा वाकवायचं त्याच्या मनात होतं असं म्हणता येणार नाही. त्याच्या मनात फक्त धाकट्याने वरून घाबऱ्या आवाजात "मामा, हे काय झालं?" असं विचारणं होतं, आणि सासऱ्यांनी वर पाहून "खाली उतर" म्हणणं होतं. ‘उतर’. ‘उतरा’ नाही. तेवढ्यासाठी किती पाणी लागेल, याचा हिशोब हाताने परस्पर केला. नळाचा दांडा अर्धा फेरा फिरला.

छतावरच्या टाकीचं पाणी, जोर बेताचा. पाइप थोडा फुगला, हळूच वळवळला. थोरल्याने नजरेने त्याचा माग काढला. नळापासून अंगणाच्या मध्यापर्यंत पाइप ताठ झाला होता. मध्यापासून बोटीपर्यंत तो चपटा आणि कोरडा पडून होता. मध्ये सासऱ्यांचा उजवा पाय होता. जाड टाचेची वहाण, ऑपरेशन न झालेला पाय, आणि त्यावर टाकलेला सगळा भार.

सासरे बोटीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

आता नळ बंद करायला हवा होता. हात ऐकेना. वर किल्ली फिरली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. अंगणातले कावळे उडाले.

"पाणी सोडा, जावईबापू," सासरे म्हणाले.

"मी?" धाकटा वरून ओरडला. "इथे कुठलं बटण?"

"तुम्ही नाही. नळावरचे."

थोरल्याने आधीच उघडा असलेला नळ उघडल्यासारखा हात फिरवला. सासऱ्यांनी काठीवर जोर देऊन पाय उचलला आणि वीतभर बाजूला ठेवला. पाइप सुटला. क्षणभराने बोटीच्या मागून पाण्याची धार आली, आधी गढूळ, मग स्वच्छ. दोन मिनिटं धार तशीच चालू राहिली. इंजिन छान चालत होतं, एकही सिलिंडर रुसला नव्हता. मग थोरल्याने नळ खरोखर बंद केला आणि हात वर केला. धाकट्याने माहितीपत्रकात होतं तसं एकदा इंजिन गुरगुरवून उरलेलं पाणी बाहेर फेकलं आणि किल्ली फिरवली.

"जमलं की, साडूभाऊ!" तो शिडी उतरत म्हणाला. "खरं सांगू? वर बसून काहीच कळत नाही हो. सगळं तुमच्यावर."

"पाइप गुंडाळतो," थोरला म्हणाला.

चहाच्या वेळी सासऱ्यांनी पहिला कप थोरल्यापुढे सरकवला.

"घ्या, जावईबापू."

बायकोच्या हातातला ट्रे थांबला.  घरी परतताना रस्त्यात ती म्हणाली,

"बाबा तुम्हाला ‘घ्या’ म्हणाले."

"हं."

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही."

"काही नाही केलं तर बाबा ‘घे’ म्हणतात."

तो आठवडा मानाचा गेला. ‘अहो, तेवढं ग्रीस लावता का?’ ‘तुम्ही बसा, मी बघतो.’ ‘जावईबापू, तेरा नंबर द्याल?’ थोरल्याने पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते सगळं त्याला सहा दिवसांत मिळालं. सासरे कुठेही रागावले नाहीत. पाना मागून घ्यायचे, वापरायचे, आणि पुसून परत द्यायचे, जसा शेजाऱ्याचा देतात. शुक्रवारी थोरल्याच्या हातून प्लग फरशीवर पडून फुटला. तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

"असू द्या," सासरे म्हणाले. "लागलं नाही ना तुम्हाला?"

पुढच्या रविवारी थोरला सगळ्यांच्या आधी आला. पाइप लावून झाल्यावर तो घरात गेला आणि सासऱ्यांची हातांची खुर्ची उचलून अंगणाच्या मध्यावर आणली. भिंतीकडे सावली होती. त्याने खुर्ची पाइपालाच लावून ठेवली, आणि पाइप असा टाकला की बसणाऱ्याचा उजवा पाय आपोआप त्यावर यावा. मग नळापाशी जाऊन उभा राहिला.

सासरे काठी टेकत आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग पाइपाकडे. मग, बऱ्याच वेळाने, नळाकडे. धाकटा शिडी चढत होता. आज त्याने बूट काढून खाली ठेवले होते, का कोण जाणे.

सासरे बसले. काठीच्या टोकाने त्यांनी पाइप पुढे ढकलला, आणखी थोडा, पाय पोहोचणार नाही इतका.

"अरे ए," ते म्हणाले, "मध्ये पाइप काय टाकतोस? अडखळून दुसरा गुडघा घालवू का मी?"

"चुकलं, मामा."

"आणि उन्हात बसवलंस मला. अक्कल म्हणून नाही."

"नाही," थोरला म्हणाला.

वर किल्ली फिरली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, सुरू झालं. थोरल्याने पाठीमागे घट्ट धरलेले दोन्ही हात तेव्हा कुठे सोडले. खुर्चीतून सासरे ओरडले,

"पाणी!"