वाकड्या पराचा नर

"मावशी, माशांना सर्दी झाली तर त्यांचं नाक कोण पुसतं?"

प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या मागे तिच्या मैत्रिणी हसू दाबून दाबून लालबुंद झाल्या होत्या. शाळेची सहल मत्स्यबीज केंद्रात आली होती आणि तिथले हौद सांभाळणारी बाई म्हणजे हिचीच सख्खी मावशी. 'विचारलंस तर मानलं तुला!' अशी पैज लागली होती. अलीकडे ही कुठल्याच पैजेपासून मागे हटत नव्हती.

मावशी हसली नाही. "कोणी पुसत नाही गं. मरतात. ये, दाखवते."

पहिला हौद कोरडा ठणठणीत. "एका आईची लेकरं होती इथे. सगळी चकचकीत, गुटगुटीत. केंद्राचे साहेब पाहुण्यांना थेट इथेच आणायचे. गेल्या हंगामात रोग आला आणि अख्खा हौद उताणा."

"एकही नाही वाचला?"

"कसा वाचेल? अंगात जंतू ओळखणारे पहारेकरी असतात, ते आईबापांकडून येतात. इथे सगळ्यांचे एकाच छापाचे. एकाला गंडवलं की सगळे गंडले."

शेजारच्या हौदात मात्र कोणी काळपट, कोणी ठेंगणा. वेगवेगळ्या नद्यांतून आणलेल्यांची पोरं. "रोग इथेही आला. पुष्कळ गेले. पण काहींच्या पहारेकऱ्यांनी चोर ओळखला. ते जगले, त्यांचीच ही पिल्लं. पुढच्या खेपेला चोर वेष बदलून येईल. तेव्हा कोण कामाला येईल, आज काय सांगावं? म्हणून कोणाला टाकायचं नाही, सगळ्यांतून बघून नर-मादीच्या जोड्या लावायच्या."

"मी लावू एक जोडी?" हिने जाळी हिसकावलीच. सगळ्यांत देखणे दोन मासे काढून ऐटीत दाखवले.

मावशीने त्यांच्या परांवर कुळ ओळखायला केलेल्या खुणा पाहिल्या. "भावंडं आहेत, बाई. नात्यातलं स्थळ नको."

"मावशी, तुम्ही तर लग्नं जुळवता!" एक मैत्रीण फिस्सकन हसली.

"स्वतःचं तेवढं राहिलं," मावशी म्हणाली, आणि मग तीही खळखळून हसली.

तिने वाकड्या पराचा एक नर ओल्या हातांनी अलगद उचलला. "महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. साहेबांना पुन्हा एकसारखे, चकचकीतच हवेत. म्हणतात, बघून जोड्या लावणारं कोणी नसेल तर हा हौद मोडू. पहिला बळी याचाच." तो तिच्या ओंजळीत शांत पडून होता. उभा जन्म या हातांनी हेच केलं, आणि आपल्याला घरात कधी पत्ताही नव्हता, असं मनात येऊन हिने आपली ओंजळ मावशीच्या ओंजळीखाली धरली.

संध्याकाळी आईने नाक मुरडलं. "शी, कसला वास! आंघोळ कर आधी. आणि उद्यापासून सुट्टीतला क्लास आहे, लक्षात आहे ना?"

"क्लासला नाही जाणार मी."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय करणार?"

"मावशी निवृत्त होईपर्यंत रोज हौदावर जाणार. जोड्या लावायला शिकणार. पुढे कॉलेजातही हेच शिकणार. विचारत नाहीये, सांगतेय. त्या वाकड्या परवाल्याला ओळखणारं कोणीतरी तिथे हवं."