तीन नंबरचा फोन

अठ्ठ्याण्णव साली फिनलंडमधल्या ओउलू गावात आमच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत साहेब होता आउलिस, आणि त्याचा मंत्र एकच: अँटेनाकडे पाठवलेली शक्ती जितकी कमी परत येईल, तितकी जुळणी चांगली. मंत्र खोटा नव्हता, अर्धा होता. त्या अर्ध्या मंत्रापायी माझी सात महिन्यांची मेहनत त्या शुक्रवारी पाण्यात जाणार होती.

नव्या फोनसाठी माझा सहकारी वेली याची अँटेना की माझी, ते त्या दिवशी ठरायचं होतं. नऊशे आणि अठराशे मेगाहर्ट्झ, दोन्ही बँड सांभाळायचे. एकाला गोंजारलं की दुसरा रुसतो. टेबलावर ठेवून मोजलं की वेलीचे शंभरातले चार भाग परत यायचे, माझे बारा. पण मी माझी अँटेना जुळवली होती हातात धरलेल्या फोनसाठी. लोक फोन हातात धरतात, हे मी आउलिसला तीनदा सांगितलं.

"इल्पो, आकडा बोल," एवढंच तो म्हणाला. असा संताप आला!

म्हणून मी गुपचूप तिसरा फोन मांडला. फोनांवर नावं नसायची, नुसते नंबर.

पडद्यावरची रेघ पाहून आउलिसचा कॉफीचा कप हवेतच थांबला. "दोन्ही बँडवर शंभरातला एकसुद्धा परत नाही! बावीस वर्षांत असली जुळणी पाहिली नाही. कोणाचा रे हा तीन नंबर?"

मी बुटांकडे बघत राहिलो. वेलीनं घसा खाकरला.

"त्यात माझाही थोडा हात आहे."

हसू दाबायला मी रुमाल नाकाला लावला. दर शुक्रवारी कामानंतर आम्ही सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानाला जायचो; ती सौना हिल्क्का सांभाळायची. "मग आउलिस, त्यावरूनच सौनात हिल्क्काला फोन लाव की. म्हणावं, दगड तापव."

तळघरात रेंज जेमतेमच. आउलिसनं तीनदा नंबर दाबला, घंटाच वाजेना. शेवटी त्यानं फोन उघडला. आत अँटेना नव्हतीच. तिच्या जागी खसखशीएवढा रेझिस्टर.

"हा सगळं खातो आणि ढेकरही देत नाही," मी म्हणालो. "परत काही येत नाही, पण बाहेर तरी कुठं जातंय?"

आउलिसनं वेलीकडे पाहिलं. "थोडा नाही रे, बराच हात दिसतोय तुझा."

मग त्यानं वेलीचा फोन उचलला. हातात घेतला की रेंज गायब, टेबलावर ठेवला की हजर. शेवटी आमचा साहेब टेबलाला कान लावून "हॅलो, हॅलो" करू लागला. पलीकडून नुसती खरखर.

राहिला माझा. त्यानं तो मुठीत गच्च आवळून धरला. दुसऱ्याच घंटेला हिल्क्का कडाडली, "दगड तापून तास झाला! मेलात की काय सगळे?"

आउलिसनं फळ्यावर माझा नंबर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

सौनात तापल्या दगडांवर पहिलं पाणी ओतून वाफ काढायची पळी त्यानं आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. त्या संध्याकाळी मला दिली. मी लागोपाठ तीन पळ्या ओतल्या. वेली खालच्या, कमी तापणाऱ्या पायरीवर जाऊन बसला.