पाच फुटी हौदा

"अहो, तुम्ही दोघं बघा गाड्या. मी जरा टेकते," असं म्हणत बायको समोरच्याच पिकअपच्या मागच्या सीटवर चढली. चढली म्हणजे एका हाताला लेकीनं धरलं, दुसऱ्याला नवऱ्यानं. मणक्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, तरी साधी पायरीसुद्धा तिचा घाम काढायची.

नवऱ्याला सगळे काचवाला म्हणत. तीस वर्षं घराघरांतून, दुकानांतून काचा बसवून खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. जुन्या टेम्पोनं आता अंग टाकलं होतं, आणि त्याला एकच गोष्ट हवी होती: मागे अख्खी काच मावेल असा लांब हौदा.

शोरूममधली मुलगी मात्र रंगात आली होती. "काका, हिला मागे कॅमेरा आहे. स्क्रीनवर नकाशा. मागच्यांनाही एसी…"

"हौदा केवढा?"

"पाच फूट. ती पलीकडची आठ फुटी. पण तिला मागची सीट नाही."

"मग पलीकडचीच दाखवा."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "आई झोपली."

त्यानं खिडकीतून डोकावलं. तोंड अर्धवट उघडं, एक चप्पल खाली पडलेली. आठ महिने रात्र रात्र उशा सरकवत काढलेली बाई लहान मुलीसारखी गाढ झोपली होती. शोरूमच्या भल्यामोठ्या काचेतून ऊन येत होतं, गाडीच्या काचेतून निवत तिच्या गालावर हलत होतं. तळ्याच्या तळाशी कुणी निजावं, तसं.

"उठवू?" लेकीनं विचारलं.

"राहू दे गं."

शोरूममधल्या मुलीनं त्याला स्टूल आणून दिलं. तो आठ फुटी गाडीला एक चक्कर मारून आला आणि बसून राहिला. हजार खिडक्यांतून बाहेर काय काय दिसतं, ते त्यानं पाहिलं होतं. बायकोनं त्यातली एकही खिडकी पाहिली नव्हती.

दीड तासानं ती दचकून उठली. "अगबाई! घेतलीत का गाडी?"

"घेतली."

"कुठली?"

"तू बसलीयस ती."

"आणि मोठ्या काचा? त्या काय डोक्यावरून नेणार?"

"मोठी कामं सोडली. घरांच्या खिडक्या लहानच असतात."

ती चप्पल पायानं चाचपत राहिली.

दुकानांची कामं खरंच दुसऱ्यांकडे गेली. तो घरांच्या खिडक्या बसवू लागला, आणि ती सोबत जाऊ लागली. कुठे टेकडी दिसे, कुठे कुणाचं वाळत घातलेलं धुणं. परतताना तिचा डोळा लागे.

एका दुपारी असेच परतताना घराचा फाटा आला. काचवाल्यानं आरशात मागे पाहिलं, वळण सोडून दिलं, आणि गाडी सावकाश सरळ जाऊ दिली.